कापणं माहं, पाहणं तुमचं

आयुष्यभर माणसाच्या मांसाचे पापुद्रे काढणाऱ्या या माणसाने एकदाही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नाही, हे सांगितलं की लोकांना वाटतं मी रंगवून सांगतेय. पण ते खरं आहे. नागपुरातल्या ज्या रुग्णालयात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, तिथल्या पॅथॉलॉजी विभागात ते कामाला होते. काम तंत्रज्ञाचं, पण कागदोपत्री ते शेवटपर्यंत 'परिचर'च राहिले. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. आमच्या साहेबांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, कधीतरी चिडून "तुम्ही मोठे उस्ताद!" असं म्हटलं होतं. चिडणं सगळे विसरले, नाव राहिलं.

उस्तादांवर लिहायचं म्हणजे मला दोन गोष्टी लिहाव्या लागणार. एक त्यांचा विक्षिप्तपणा, आणि दुसरी, त्यांच्यासाठी मी बोलायला हवं होतं आणि बोलले नाही ते एक वाक्य. पहिली गोष्ट सोपी आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ फॉर्मलिनच्या बाटलीतून आमच्याकडे यायची. डॉक्टरने ती कापून नेमके तुकडे निवडायचे. ते तुकडे मेणात बसवले की त्यांची एक वडी तयार होते. मग त्या वडीचे मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर काप काढायचे, इतके पातळ की त्यांच्यापुढे कांद्याचा पापुद्रा म्हणजे गोधडी. हे काप एकाला एक चिकटून फीत होते. ती फीत कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या गेल्या की खालून काच घालून अलगद उचलायची, आणि रंगवायची. त्यानंतर आम्ही डॉक्टर लोक ऐटीत खुर्चीवर बसणार, काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवणार, आणि साधी गाठ आहे की कर्करोग ते सांगणार. नाव आमचं. पण काप जाड निघाला किंवा फाटला, तर मोठ्यातला मोठा डॉक्टरही आंधळाच.

उस्ताद कोष्ट्यांच्या घरातले. इतवारीच्या पलीकडे त्यांच्या वडिलांचा हातमाग होता. कामठीकडे यंत्रमाग वाढले तसा तो थांबला आणि हे रुग्णालयात झाडू-फडक्याच्या कामावर लागले. यंत्र पुसता पुसता यंत्र शिकले. कुणी शिकवलं असं विचारलं तर म्हणायचे, "कोणी नाई जी. माहा बाप सूत तुटू देत नव्हता, मी फीत तुटू देत नाई. एकच धंदा आहे."

मायक्रोटोमची सुरी वीतभर लांब आणि चांगली वजनदार. ती ते रोज सकाळी आधी दगडावर आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर घासत बसायचे. तासभर कुणाशी बोलणं नाही. धार बघण्याची रीत त्यांची स्वतःची होती. डाव्या कानामागचा एक केस उपटायचा, तो दोन बोटांत धरून धारेवर सोडायचा. केस आपोआप दुभंगला तर सुरी पास. नाही तर पुन्हा दगड. त्यामुळे डाव्या कानामागे रुपयाएवढी जागा कायम गुळगुळीत. एकदा त्यांची बायको डबा घेऊन विभागात आली. मी नवीन होते, तिने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाई, एकाच कानामागं टक्कल पडाचा काही रोग असते का वं?" मी तिला खरं सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अन् मी दोन वर्षं झाली तेल चोळून राहिली!"

मे महिन्यात नागपुरात मेण काय, माणूसही वितळतो. दुपारी वडी यंत्रावर लावली की ती लोण्यासारखी दबायची. म्हणून उन्हाळाभर ते पहाटे पाचला यायचे, सायकलच्या कॅरिअरवर पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी घेऊन. वडी बर्फावर, मग यंत्रावर, मग परत बर्फावर. आम्ही नऊला डुलत येईपर्यंत यांचे सगळे काप काढून झालेले असायचे. हिवाळ्यात उलटं. वडी थंडीने कडक व्हायची, काप चुरायचा. तेव्हा ते तोंड वडीजवळ नेऊन 'हाऽ' असा गरम श्वास सोडायचे आणि चाक फिरवायचे. ही युक्ती सगळीकडचे लोक करतात, त्यात नवल नाही. नवल हे, की त्या दिवसांत ते कांदा-लसूण सोडायचे. आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा, जो नागपूरच्या माणसाला श्वासाइतका लागतो, तो शेवटची वडी कापून झाल्याशिवाय तोंडात टाकायचे नाहीत.

"अहो उस्ताद, मेणाला कसला आलाय वास?" मी एकदा चिडवलं.

"मेणाले नाई जी. पण आत माणूस आहे ना. आजारी माणसाच्या तोंडावर कांद्याचा वास सोडन का मी?"

मी हसले होते, एवढं आठवतं.

रंगाच्या बाबतीत तर ते हट्टीच होते. पेशींचं केंद्रक जांभळं करणारा जो रंग असतो, तो एका झाडाच्या लाकडापासून निघतो आणि लगेच वापरता येत नाही, पिकवावा लागतो. रसायन घालून तो एका दिवसात पिकतो. साहेबांनी ते रसायन मागवलंही होतं. उस्तादांनी बाटली कपाटात ठेवली आणि तिला हात लावला नाही. त्यांचं म्हणणं, कार्बाइडचा आंबा आणि झाडाचा आंबा यांत फरक आहे की नाही? ते फाल्गुनात रंगाच्या बाटल्या कापसाचे बोळे लावून गच्चीवर उन्हात ठेवायचे आणि रोज एकदा जाऊन प्रेमाने हलवायचे. त्याच गच्चीवर मेट्रनबाईंच्या कुरड्या वाळत असत. एका वावटळीत बाटली कलंडली आणि निम्म्या कुरड्या जांभळ्या झाल्या. मेट्रनबाई साहेबांकडे तक्रार घेऊन गेल्या. उस्ताद त्यांना म्हणाले, "तुमच्या कुरड्या दुसऱ्या होतीन बाई. माहा तीन महिन्यांचा रंग गेला, त्याचं का?" मात्र त्या रंगाने रंगवलेली काच बघावी! केंद्रकातला कण न् कण मोजून घ्यावा असा दिसायचा. तसा जांभळा रंग मी नंतर कुठेच पाहिला नाही.

असा माणूस स्वतः काच बघत नसे. मी कामाला लागले त्याच आठवड्यात एक फार सुंदर काप बघून मी उत्साहाने त्यांना हाक मारली, "उस्ताद, या, बघा तुमची करामत." ते दोन पावलं मागे सरकले.

"नको जी. मले नाई पाहाचं."

"काहून?" मी मुद्दाम त्यांच्या भाषेत विचारलं.

"एकदा समजलं का हा रोगी वाचत नाई, का मंग हात कापते. अन् चांगलं आहे समजलं तं हात ढिला पडते. मले सारे सारखे पाहिजे. कापणं माहं, पाहणं तुमचं."

हे वाक्य ते इतक्यांदा म्हणायचे की आम्ही त्याची टिंगल करायचो. कुणी चहा ओतला की दुसऱ्याने म्हणायचं, ओतणं तुझं, पिणं माझं. पण त्यांचा तो धर्म होता. एरवी न बघताच त्यांना बरंच कळायचं, ही गोष्ट वेगळी. चाक फिरवता फिरवता थांबायचे आणि म्हणायचे, "हे काही बरोबर नाई वाटत. सुरीले कचकच लागून राहिली." आणि दहातल्या आठ वेळा ते खरं निघायचं.

दुसरा धर्म टीपकागदाचा. एका वडीची फीत पाण्यावरून उचलली की पाण्यात तिचे बारीक कण राहतात. ते पुढच्याच्या काचेला चिकटले तर एकाचा रोग दुसऱ्याच्या माथी. म्हणून दर वडीनंतर पाण्यावरून कागद फिरवून ते कण टिपून घ्यायचे. बहुतेक ठिकाणी चार-पाच वड्यांनंतर कुणीतरी हे करतं. उस्ताद दर वडीनंतर दोनदा करायचे, आडवं एकदा, उभं एकदा. वड्यांना ते पाहुणे म्हणत. "एका पाहुण्याचं उष्टं ताट उचलल्याबिगर दुसऱ्या पाहुण्याले बसवते का कोणी?" टीपकागद सरकारी हिशेबाने मिळायचा नाही तेवढा. ओळखीच्या कारकुनांकडून ते मागून आणायचे. त्यामुळे काम उशिरा व्हायचं, आणि उशीर झाला की आम्ही चिडायचो. सगळ्यांत जास्त मी चिडायचे. मला घाई फार. घरी आई म्हणायची, हिला बारशाच्या दिवशीच लग्नाची घाई.

आता लग्नाचंच आलं, तर सांगूनच टाकते.

माझ्या लग्नाला पंधरा दिवस राहिले होते. साहेब आठवडाभर रजेवर, त्यामुळे विभागात मोठी मीच. त्या दुपारी फळीवर दोन नमुने होते. एक म्हातारीचा काढलेला स्तन, ज्यातला कर्करोग नुसत्या डोळ्यांना दिसत होता. दुसरी, कामठीच्या एका तिशीतल्या बाईच्या स्तनातून तपासणीसाठी काढलेली बोराएवढी गाठ. नियम साधा आहे: एक नमुना कापून झाला की सुरी, चिमटा, फळी वाहत्या पाण्याखाली धुवायची, मग दुसरा घ्यायचा. बाहेर फाटकाशी माझी आई रिक्षा थांबवून उभी होती. गांधीबागेत शालू बघायचा होता आणि शिपाई दोनदा येऊन "आई बोलावतात" म्हणून सांगून गेला होता. म्हातारीचं काम संपलं आणि मी तीच सुरी दुसऱ्या गाठीवर टेकवली.

उस्ताद शेजारी, कापलेले तुकडे ठेवायच्या डब्या घेऊन उभे होते. म्हणाले, "बाई, सुरी धुवाची राहिली."

"धुतली की आत्ताच."

धुतली नव्हती. मला ते ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. पण डॉक्टरीण धुतली म्हणते म्हटल्यावर परिचराने काय करायचं? त्यांनी नळ सोडला. पाणी थोडा वेळ तसंच वाहू दिलं. मी बघितलं, आणि बघितलं नाही असं केलं. मग त्यांनी नळ बंद केला आणि माझ्या हातातला तुकडा डबीत घेतला. शालू मात्र छान मिळाला, हिरव्या काठाचा.

तिसऱ्या दिवशी काच माझ्यासमोर आली. गाठ साधी दिसत होती. पण कडेला, थोडा सुटा, एक बारीक पुंजका होता, आणि त्यातल्या पेशी निःसंशय कर्करोगाच्या होत्या. हा पुंजका बाकीच्यापासून सुटा का, असा प्रश्न कुठल्याही शहाण्या पॅथॉलॉजिस्टला पडला असता. मला पडला नाही. एकटीच्या सहीने द्यायचा तो माझा पहिला कर्करोगाचा अहवाल होता. पोरीला पहिली नथ मिळावी तसा मला त्याचा आनंद झाला होता, हे लिहायला लाज वाटते, पण झाला होता. मी सही केली. पुढच्याच आठवड्यात त्या बाईचा स्तन काढला.

लग्न करून मी परत कामावर आले तेव्हा हातावरची मेंदी अजून गेली नव्हती. साहेब रजेवरून आले होते आणि तो काढलेला स्तन घेऊन बसले होते. त्यांनी त्यातले वीस तुकडे पाहिले, मग आणखी वीस. कर्करोगाचा मागमूस नाही. त्यांनी माझी जुनी काच मागवली. एका मिनिटात डोकं वर काढून म्हणाले, "हा तुकडा हिचा नाहीच. दुसऱ्या कुणाचा पाण्यात तरंगत आलाय. उस्तादांनी टीपकागद फिरवला नाही."

खरं सांगायचं तर माझ्या छातीवरचा दगड उतरला. पाण्याचं नाव निघालं होतं, सुरीचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर उस्तादांनी एक काच आणून ठेवली. तिच्यावर त्या कामठीच्या बाईचा नंबर होता.

"त्याच वडीची आहे जी. आता कापली. पाणी नवं, भांडंही नवं. त्या भांड्यात दुसरं काहीच टाकलं नव्हतं."

त्याचा अर्थ आम्हा दोघांना कळत होता. तुकडा पाण्यातून आला असेल तर तो फक्त जुन्या काचेवर असणार, वडी पुन्हा कापल्यावर दिसणार नाही. पण सुरीला चिकटून आलेला तुकडा गाठीबरोबर मेणातच बसतो. मग तो प्रत्येक कापात येतो, नवं पाणी घ्या नाही तर गंगेचं घ्या. मी काच हातात धरली. सूक्ष्मदर्शकाची गरजच नव्हती. गुलाबी तुकड्याच्या कडेला जांभळा ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसत होता.

"तुम्ही पाहिलं का?" मी विचारलं.

"मी काहून पाहीन? पाहणं तुमचं."

मी "ठेवा" म्हणाले. ते गेले.

ती काच घेऊन ते सरळ साहेबांकडे जाऊ शकले असते. गेले नाहीत. काचेत काय आहे ते सांगण्याचा हक्क आपला नाही, तो डॉक्टरचा, असं त्यांचं पक्कं होतं. नियम त्यांचा, फायदा माझा. ते काम त्यांनी माझ्यावर सोडलं, आणि मी? मी ती काच फुटक्या काचांच्या डब्यात टाकली. ती फुटली नाही, म्हणून बाटलीच्या बुडाने फोडली.

तीन दिवसांनी साहेबांच्या खोलीत चौकशी झाली. सर्जन होते, रुग्णालयाचे एक विश्वस्त होते, मी होते. उस्तादांना बसायला खुर्ची दिली नव्हती.

"टीपकागद फिरवला होता का?" साहेबांनी विचारलं.

"फिरवला जी. दोनदा."

"मग तुकडा आला कुठून?"

उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. रागाने नाही. वर्गात मास्तर एखाद्या हुशार पोराकडे बघतात ना, याला उत्तर येतं, हा सांगेल, तसं बघितलं. मी समोरच्या पेपरवेटकडे बघत राहिले.

"मले माहीत नाई जी," ते म्हणाले.

विश्वस्तांनी त्यांचं शिक्षण विचारलं. सातवी. या कामाचं सर्टिफिकेट? नाही. "एवढं नाजूक काम बिनसर्टिफिकेटच्या माणसाकडे दिलंच कसं?" मग साहेब मला म्हणाले, "डॉक्टर, तुम्हाला काही सांगायचंय?"

"नाही सर."

हे दोन शब्द. यांच्या जागी दुसरं एक वाक्य बोलायला हवं होतं: सुरी मी धुतली नव्हती. त्याला काही वेळ लागला नसता. माझी नोकरी कच्ची होती, सासर डॉक्टरांचं होतं, लग्नाला महिना झाला नव्हता, अशी कारणं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. कारणं खोटी नाहीत. पण मूग गिळायचे ते गिळलेच. साहेबांनीही ती वडी पुन्हा कापून बघा असं कुणाला सांगितलं नाही. एवढा हुशार माणूस, त्यांना ते सुचलं नसेल यावर माझा विश्वास नाही. परिचराची चूक विभागाला परवडते, डॉक्टरची परवडत नाही.

उस्तादांची बदली फाटकाजवळच्या कापडखोलीत झाली. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे धोब्याकडून आले की घड्या घालून ठेवायचे. मी जाता-येता मान खाली घालायचे, ते नेहमीसारखेच "नमस्कार बाई" म्हणायचे. एकदा न राहवून मी विचारलं, "बरं आहे ना इथे?" म्हणाले, "बरं आहे की. बाप कापड विणे, मी घड्या घालून राहिलो. घरचाच धंदा झाला." हसले. मला त्या हसण्यात टोमणा सापडला असता तर बरं वाटलं असतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण माझी खवखव कुणी ओळखलीच नाही.

त्यांच्या जागी सर्टिफिकेटवाला मुलगा आला. चांगला होता बिचारा. काप जरा जाड यायचे.

आणि ती कामठीची बाई? तिला काय सांगायचं यावर सर्जन आणि साहेब यांची बंद खोलीत चर्चा झाली. तिला सांगण्यात आलं की रोग मुळापासून काढला आहे, आता भीती नाही, वर्षातून एकदा दाखवून जा. ती वर्षातून एकदा येऊ लागली, नेमकी संक्रांतीच्या आठवड्यात. सर्जनला दाखवून झालं की माझी खोली शोधत यायची, कारण कुणीतरी तिला सांगितलं होतं की रोग या बाईंनी पकडला. पहिल्या वर्षी ती दारात उभी राहून रडली. "तुम्ही होत्या म्हून वाचली मी. माही पोरं लहान होती वं बाई." पदराखाली तिची एक बाजू सपाट होती. नवरा यंत्रमागावर कामाला होता. हा रोग शिवल्याने लागतो असं कुणी सासूच्या डोक्यात भरवलं होतं, म्हणून हिचं ताट-वाटी वेगळं ठेवलं होतं. हे तिने तक्रार म्हणून नाही, सहज सांगितलं. तिने डब्यातला तिळगूळ माझ्या हातावर ठेवला, मला हळदीकुंकू लावलं आणि वाकून नमस्कार केला.

मी तिला म्हणाले, ताट वेगळं ठेवायची गरज नाही, हा रोग शिवून लागत नाही. एवढंच म्हणाले. तुला रोग नव्हताच, हे म्हणाले नाही. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. दर संक्रांतीला ती यायची, हसतमुखाने जायची, जाताना फाटकाशी वळून परत हात जोडायची.

होता होता मी विभागाची प्रमुख झाले. उस्ताद निवृत्त झाले. एक दिवस कळलं की त्यांनी अंथरूण धरलंय, दिवस फार नाहीत. त्या रविवारी मी इतवारीत गेले, हातगाड्यांमधून वाट काढत त्यांची गल्ली शोधली. वाटेत वाक्य घोकत होते. सुरी मी धुतली नव्हती. काच मी फोडली. मला माफ करा.

ते खाटेवर बसून होते, हातापायांच्या काड्या झालेल्या. मला बघून उठायची धडपड केली. बायकोने मला पाट दिला. मी सुरुवात केली, "उस्ताद, मला त्या कामठीच्या बाईबद्दल..."

"मी तेच विचारणार होतो जी," ते मध्येच म्हणाले. "येते ना अजून? मी कापडखोलीत होतो तं दर संक्रांतीले दिसे. पहिल्यांदा तिनं मलेच तुमची खोली विचारली, कामठीची म्हणे. डबा घेऊन तुमच्याकडे जाये, हसत हसत निघे. पहिल्या साली पाहलं, अन् मले समजलं."

"काय समजलं?"

"का तुम्ही तिले सांगतलं म्हून. साहेबांपुढं नाई बोलल्या, लगन नवं होतं, नोकरी गेली असती, मले समजत होतं ना जी. पण तिले एकटीले सांगतलं तुम्ही, का तुले हा रोग नव्हता, आमची चूक झाली. अन् तिनं माफ केलं. नाईतं दर साली कोण तिळगूळ आणते?" त्यांना दम लागला. थांबून त्यांनी विचारलं, "सांगतलं ना बाई?"

त्यांचे डोळे माझ्यावर होते. चौकशीच्या दिवशी होते तसेच, याला उत्तर येतं असं समजणारे. वाटेत घोकलेली वाक्यं पाठ होती. नुसतं तोंड उघडायचं होतं.

"हो," मी म्हणाले. "सांगितलं."

ते मागे भिंतीला टेकले. चेहरा असा निवला की मी त्यांना इतक्या वर्षांत तसं कधी बघितलं नव्हतं.

"मंग झालं," ते म्हणाले. "मंग माही बदली वाया नाई गेली." आणि आत बायकोला हाक मारून म्हणाले, "अवं, ऐकलं का? मी म्हणत होतो ना तुले, बाई तशा नाईत म्हून! चहा टाक बाईले, दूध जास्ती टाक."

चहा आला. ते दोघं माझ्याकडे कौतुकाने बघत बसले होते, आणि मी तो सगळा चहा प्यायले.